फोडणी बंद होती तेव्हा

सकाळी जाग आली आणि स्वयंपाकघरातून काही चुरचुरल्याचा आवाज आला नाही, तर मी आजही अंथरुणातूनच ओरडून विचारते, "काय गं, सगळं ठीक आहे ना?" सून हसते. तिला वाटतं, सासूबाईंना भूक लागली. बोईसरच्या ह्या इमारतीत सगळ्या घरांतून सकाळी काही ना काही तळल्या-परतल्याचा वास येतो. शेजारची यूपीवाली पराठे करते, खालची सातारकरीण मिरच्या परतते आणि सगळा जिना ठसकतो. लोक तक्रार करतात, मला मात्र बरं वाटतं. गप्प चूल मला सोसत नाही. का सोसत नाही, ते एकदा लिहून टाकायचं कधीपासून मनात होतं, पण बसायला घेतलं की कंटाळा यायचा. खरं सांगायचं तर कंटाळा नव्हे, धाकधूक व्हायची.

आमचं गाव तारापूरच्या अलीकडे, समुद्राला अगदी लागून. घर कुडाचं, पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे जाळ्यांची खोली. होडी वडिलांची, पण त्यांना जन्म देणारा समुद्रच असावा, इतके ते घरात परक्यासारखे असत. आईला आम्ही बय म्हणायचो. घरात खरा शब्द चालायचा तो आत्याचा. गंगाआत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आवाजाने खणखणीत आणि नियमाची पक्की. कुठल्या दिवशी केस धुवायचे नाहीत, कुठल्या दिशेला पाय करायचे नाहीत, होडी निघताना कुणी आडवं जायचं नाही, सगळं तिला पाठ. बय तिच्यापुढे तोंड उघडत नसे. हिवाळा संपत आला की किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहायच्या, म्हणजे बांबूंच्या रांगा, आणि त्यावर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत टाकलेले. वाऱ्याबरोबर तो वास घरात, कपड्यांत, केसांत. बाहेरून आलेला माणूस नाक मुरडायचा, आम्हाला तो कळायचादेखील नाही. दुपारी होड्या लागल्या की घराघरातून हळदमीठ लावलेली मासळी तेलात पडल्याचा आवाज यायचा. वाडीतून चालत गेलं तर कुणाच्या चुलीवर काय आहे ते डोळे मिटून सांगता यायचं, आणि आम्ही पोरी तो खेळच खेळायचो.

मी शाळेत जात होते त्या वर्षी होळीनंतर माझ्या थोरल्या बहिणीचं, कमळीचं लग्न ठरलं होतं. मी तिला ताय म्हणते. मुलगा एडवणचा, स्वतःची होडी असलेला, आणि देखणा. ताय पण काय दिसायची! अंगाने उंच, रंग सावळा आणि कातडी अशी की तेल लावल्यासारखी चमकायची. बोंबील टांगताना ती गाणं म्हणायची आणि शेजारच्या बाया चिडवायच्या, "कमळे, आवाज एडवणला पोचला गो, जरा हळू!" ती लाजायची नाही, उलट आवाज वाढवायची. माझ्यापाठी एकच भाऊ होता, जेमतेम रांगायला लागलेला. सगळे त्याला बारक्या म्हणत. तायचा त्याच्यावर फार जीव. बय कामात असली की तो तायच्याच कडेवर.

मग एक दिवस वाणगावच्या बाजारातून आल्यावर ताय अंग दुखतंय म्हणून आडवी झाली. ताप असा की हात लावला तर चटका बसावा. पाठ मोडून यायची, ती कण्हायची. दोन-तीन दिवसांनी ताप जरा उतरला, आम्ही हुश्श केलं, आणि कपाळावर पुरळ दिसलं. पुढे चेहऱ्यावर, हातांवर, तळहातांवर. आत्याने दिवा जवळ नेऊन पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "आये आली गो घरात," एवढंच म्हणाली. बयने तोंडात पदर कोंबला. देवी आल्या, असं आमच्याकडे म्हणायचे. रोग आला असं कुणी म्हणायचं नाही, म्हटलं तर ती रागावेल. ती पाहुणी, तिचं सगळं नीट करायचं आणि तिने आपण होऊन जायचं.

आणि पाहुणीचे नियम काय सांगू! त्या क्षणापासून घरात तेल तापलं नाही. फोडणी बंद, तळण बंद, मासळी घरात आणायची बंद. तेलाच्या चुरचुरीने देवीचं अंग भाजतं म्हणे, आणि मग ती फोडांत उतरून सूड घेते. केस विंचरायचे नाहीत, जोराने बोलायचं नाही, चपला उंबऱ्याबाहेर. कडुलिंबाच्या डहाळ्या एरवी दारावर लावतात, आत्याने त्या आत, तायच्या उशाशी लावल्या, बाहेर दिसू नयेत म्हणून. पांढरा भात, ताक आणि शहाळ्याचं पाणी, एवढंच घरात. आणखी एक होतं, ते महत्त्वाचं. अंगावर देवी असताना आजारी माणूस जे बोलेल ते त्याचं नसतं, तिचं असतं. तायने पहिल्या दिवशी तापात 'शहाळं' म्हटलं तर वडील, ते सुद्धा, भर उन्हात स्वतः माडावर चढले. ती 'दार उघडा' म्हणाली तर आत्या धावत गेली आणि म्हणाली, "आयेचं मागणं हाय, थांबवू नका." ताय डोळे मिटून पडलेली असायची. चेहरा सुजायला लागला होता. मी लांबून बघायचे आणि मला वाटायचं की आत माझी ताय नाहीच, दुसरंच कुणी पडलंय.

आता कळतं ते तेव्हा कळत असतं तर! हा रोग जनावरात राहत नाही, पाण्यात वाढत नाही. माणूस हेच त्याचं घर. श्वासातून जातो, पांघरुणातून जातो, वाळलेल्या खपल्यांतून जातो. आसपासच्या सगळ्यांना वेळेवर टोचलं की त्याला पुढे जायला दार राहत नाही आणि तो मरतो. एवढी साधी गोष्ट. लागण झाल्यावरही लगेच टोचलं तर माणूस वाचू शकतो, हे तर आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वडिलांना, आत्याला, बयला लहानपणी टोचलेलं होतं. मला शाळेत टोचलं होतं, दंडावरचा तो वण अजून आहे. ताय शाळेत गेली नाही, ती सुटली. आणि बारक्या सुटला, कारण टोचणीवाले मागे गावात आले तेव्हा आत्याने त्याला उचललं आणि होडीत जाऊन बसली. "एवढ्याशा जिवाला सुया टोचतात मेले," असं म्हणत तिने होडी ढकलायलाच लावली. सगळा गाव हसला होता तेव्हा. मीसुद्धा हसले होते.

बय मात्र एकदा बोलली, आणि ती बोलली हेच मला नवल वाटलं. तायला पुरळ आल्यावर दुसऱ्या दिवशी ती आत्याला म्हणाली, "वन्स, टोचणीवाल्या बाईला बोलवूया का? बारक्या तिच्याच जवळ निजत होता." आत्याने तिचा दंड धरला. "आये घरात बसली असताना सुई आणतेस? तिच्या डोळ्यांदेखत? पोरगा गिळायचाय काय तुला?" वडीलही म्हणाले, कळलं तर एडवणवाले लग्न मोडतील, दाराशी पहारा बसेल, होडी बंद होईल, गप बसा. बय रडली. दिवसभर काम करता करता रडली, बारक्याला पाजताना रडली. पण पुढे एक अक्षर बोलली नाही. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांच्याही तोंडाला कुलूप. आमच्या दारासमोरून जाताना ते आवाज खाली करायचे.

वाणगावला मासळी विकायला जाणाऱ्या एका बाईने निरोप आणला. टोचणीवाली नर्सबाई गावोगाव फिरतेय, फोड आलेल्या पोराचं चित्र हातात आहे, ते दाखवून विचारते. लोक नाही म्हणतात. मग ती चुलीकडे बघते. कोळ्याच्या घरात भर दुपारी मासळीचा वास नाही, फोडणी नाही, म्हणजे आत देवी आहे, हे तिने ओळखलंय. दोन गावांत असंच सापडलं. उद्या नाहीतर परवा आपल्याकडे येईल. हे ऐकून आत्याचं धाबं दणाणलं. जिने चार दिवस घरात मोहरी तडतडू दिली नव्हती ती आमची गंगाआत्या पडवीत बसून सारखी वाडीच्या वाटेकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा पोरगा धावत आला, बाई वाडीच्या टोकाला आलीय म्हणाला. आत्या उठली. तिने वडिलांना तायची चटई उचलून मागे जाळ्यांच्या खोलीत न्यायला सांगितलं. मग बयला म्हणाली, "चुलीवर तवा ठेव. तेल वत. ह्या सुरमईच्या तुकड्या मी मागनं आणल्यात, त्या टाक." बय जागची हलली नाही. "वन्स, तुमीच म्हणत होतात, तेल तापलं तर आये..." आत्याने हात जोडले. "मी तिची क्षमा मागीन. नारळ देईन. पण आता तळ. बाई गेली पायजे दारातनं." बयने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? शेवटी आत्यानेच चुलीत लाकूड सारलं, तवा ठेवला, तेलाची बुधली उचलली.

वडिलांनी चटईचं एक टोक धरलं होतं. तेव्हा ताय बोलली. चार दिवस तिच्या तोंडून नीट शब्द फुटला नव्हता, तोंडात, घशात फोड होते. आवाज घोगरा, ओळखू न येणारा. डोळे मिटलेलेच. ती म्हणाली, "गंगे."

आत्याला नावाने हाक! आमच्या घरात वडीलसुद्धा तिला नावाने बोलवत नसत. बुधली आत्याच्या हातात तशीच राहिली. ताय म्हणाली, "गंगे, माझ्या घरात तेल तापवू नको." मग जरा थांबली, दम लागला होता. "ती येते तिला येऊ दे. पोराला टोचू दे. सगळ्यांना टोचू दे. मग मी जाईन."

आत्या सरळ जमिनीवर आडवी झाली, कपाळ टेकलं आणि रडत म्हणू लागली, "चुकलं आये, चुकलं. पोराला हात लावू नको." वडिलांनी चटई हळूच खाली ठेवली. बयने चुलीत पाणी ओतलं. धूर झाला, मग तोही विरला, आणि घर पुन्हा गप्प झालं.

नर्सबाई घाटावरची होती, ठेंगणी, उन्हाने रापलेली. आमच्या वाडीतून फिरताना बोंबलाच्या वासाने तिने पदर नाकाला घट्ट धरलेला असायचा, त्यावरून बाया तिची टिंगल करायच्या. आमच्या पडवीत आली, काही विचारायला म्हणून तिने पदर खाली केला, आणि ती थांबली. दोनदा श्वास घेतला. "घरात आज काही शिजलं नाही वाटतं?" एवढंच म्हणाली. मग आत्याच पुढे झाली, डोळे पुसत म्हणाली, "या. आयेने बोलवलंय तुमाला." बाईंना काय कळलं देव जाणे. त्या आत आल्या, तायशेजारी बसल्या, तिचा तळहात उलटा करून पाहिला, तळपाय पाहिले. "कांजिण्या नाहीत ह्या," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. मग बयच्या कडेवरच्या बारक्याकडे बघून लगेच विचारलं, "ह्याला टोचलंय?" बयने नकारार्थी मान हलवली. "फोड कधी आले हिला? नीट आठवून सांगा. अजून वेळ असेल. देवाच्या दयेने असेलसुद्धा." त्यांनी पेटी उघडली. ती दोन टोकांची बारीक सुई मी पहिल्यांदा पाहिली. बारक्याच्या दंडावर त्यांनी ती टोच-टोच करून टोचली, तो किंचाळला. आणि ताय, डोळे मिटलेली, त्या किंचाळीकडे मान वळवून पडून राहिली.

मग जे वडिलांनी सांगितलं होतं ते सगळं झालं. दाराशी पहारेकरी बसला. होडी वलांड्यांशेजारी ओढून ठेवली. पांघरुणं, चटया उकळल्या, काही जाळल्या. पण गावात मात्र एक वेगळीच गोष्ट झाली. देवी स्वतः बोलली, सगळ्यांना टोचू दे म्हणाली, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. आत्यानेच पसरवली, दारात उभी राहून, पहारेकऱ्याच्या डोक्यावरून ओरडून. जी पोरं एरवी होड्यांत, पेंढ्यात लपवली जायची ती आयांनी ओढत आणून बाईंच्या समोर उभी केली. म्हाताऱ्यांनी बाह्या वर केल्या. बाई चकित. त्या म्हणाल्या, असं गाव मी पाहिलं नाही.

आम्ही मात्र घरात बारक्याच्या अंगाकडे बघत बसलो होतो. सगळ्यांचा जीव टांगणीला. बय सकाळ-संध्याकाळ त्याला उघडा करून बघायची, कपाळ, हात, तळवे. त्याच्या दंडावर फोड धरला, पिकला. मग एका संध्याकाळी त्याला ताप आला. बय वेड्यासारखी झाली. तिने तायच्या पायांपाशी जाऊन डोकं टेकलं, "तू बोललीस ना गो आये, मग आता?" तायच्या डोळ्यांतून पाणी आलं, एवढं मी पाहिलं. सकाळी बारक्याच्या अंगावर थोडेसे फोड होते, मोजके, बारके. बाईंनी पाहिलं आणि हसल्या. "टोचणीने पकडलं त्याला वाटेत. वाचला." बय त्या बाईंच्या गळ्यात पडून ओरडून रडली. बाईंना आमच्या वासाचं तेव्हा काही वाटलेलं दिसलं नाही.

ताय वाचली. चेहरा गेला. कातडीवर खळगेच खळगे, आणि डाव्या डोळ्यावर पांढरं आलं. एडवणवाल्यांनी माणूस पाठवून लग्न मोडलं, त्यांना दोष तरी काय द्यायचा. पण नंतरसुद्धा कुणी मागणी घातली नाही, त्याचं कारण नुसता चेहरा नव्हता. तसल्या वणांच्या बायकांची लग्नं झालेली आम्ही पाहिली आहेत. पण जिच्या तोंडून देवी बोलली तिला घरात सून म्हणून आणणार कोण? भांडणात तिला चार शब्द सुनावणार कोण? लोक तिला घाबरायचे. आत्या तर मरेपर्यंत सणावाराला तिच्या पाया पडायची आणि ताय पाय मागे घ्यायची. गाणं तिने सोडलं. घर तिने सांभाळलं, बारक्याला तिने वाढवलं, त्याचं लग्न तिने केलं. तिच्या हातच्या तळलेल्या मासळीची आठवण काढत सगळं गणगोत येतं. ती स्वतः भाजलेला बोंबील आणि भात खाते. आम्हाला वाटायचं, देवीत घसा खराब झाला, तेलकट चालत नसेल.

हे एवढं लिहून झालं आणि मी गावाला गेले. बय, वडील, आत्या कुणीच आता नाही. घर पक्कं झालंय, पण चूल अजून मागे आहे, तिथेच ताय बसते. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. ती तुकड्यांना मसाला लावत ऐकत होती. "गंगे" म्हणण्याचा भाग आला तेव्हा तिचे हात थांबले.

"तसं लिवू नको," ती म्हणाली.

"का? तसंच झालं होतं ना?"

"देवी नाय बोलली. मी बोलले."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शुद्धीत होते मी. त्या दिवशी ताप नव्हता मला. बय रडत होती ते सगळं ऐकत होते. तिचं कुणी ऐकलं नाय, माझं कोण ऐकणार होतं? कमळी म्हणून सांगितलं असतं तर आत्याने तोंडावर हात ठेवला असता. आत्याला नावाने हाक मारताना केवढी भ्याले होते, ठाऊक हाय?" आणि ती हसली, त्या एका डोळ्याने.

"अगं, पण तुला माहीत होतं ना? बाई आली की लग्न मोडणार ते?"

"होतं ना."

मी चिडलेच. "मग मागाहून तरी सांगायचंस! एवढी वर्षं लोक तुला घाबरत राहिले, घरात एकटी राहिलीस, आणि तू तोंड मिटून बसलीस?"

"कुणाला सांगू? सगळा गाव तिचा शब्द म्हणून पोरांना टोचायला आणत होता. बाई पुन्हा यायची, पुन्हा टोचायची. कमळी खोटं बोलली म्हटल्यावर ती पोरं परत होडीत गेली असती." तिने तवा चुलीवर ठेवला. "आणि मागनं सवय झाली."

"आणि देवीची भीती नाही वाटली? तिचं नाव घेऊन..."

"वाटली ना. अजून वाटते. म्हणून तर तिला तेव्हाच बोलले, पोरगा वाचव, मी जन्मात तळलेलं तोंडाला लावणार नाय. तुझ्या ध्यानात नाय आलं कधी?"

तिने तेल ओतलं, ते तापलं, आणि तिने तुकडे सोडले. सगळं घर त्या आवाजाने भरलं. तेवढ्यात बारक्या किनाऱ्यावरून आला, आता केस पिकलेत त्याचे, पाय धुता धुता बाहेरूनच ओरडला, "ताय, वाढ गो, भूक लागलीय!" तिने सगळ्यांत मोठा तुकडा काढून त्याच्या ताटात ठेवला, आणि आपल्यासाठी निखाऱ्यावर एक बोंबील टाकला.